नामनिर्देशित आकृती

एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले:
सुबक आकृती काढून भागांना नावे द्या. गुण पाच.
हृदय, अमीबा, जास्वंदीचं फूल.
बाण सरळ हवेत, एकमेकांना छेदू नयेत,
पेन्सिलीला टोक असावं.

आता दिवाडीला,
विकत घेतलेल्या घराच्या परसात
गवतात चार हिरवी झाकणं.
नाव एकावरही नाही.
जुना मालक सिप्रियान स्विंडनला.
फोनवर म्हणाला, "चार आसात मॅडम, एक वाऱ्याचें,"
मग मागून ताटल्यांचा आवाज, मग काही नाही.

भिंतीवरच्या राखाडी पेटीत
तीन रात्री तांबडा दिवा जळत होता.
पलीकडच्या एस्पेरांसला वाटलं, मी नवस बोललेय.
कुंपणाशी थांबून कपाळाला, छातीला बोट लावलं तिनं,
मग हळूच, "खंयचो सायब गो?"
म्हटलं, संडासाचा.
ती हसली नाही. "तोय जाय," म्हणाली.

बोस्त्यांव पहिल्या फेरीबोटीनं आला,
पान्यांची पिशवी आणि एक लांब काठी घेऊन.

पहिलं झाकण. वास.
"हें पोट."
मी वहीत लिहिलं, गाळटाकी.
जड ते तळाशी, तेलकट ते वर,
मधल्या करड्या पाण्यात
शॅम्पूची एक पुडी, माझीच.

दुसरं उघडून तो कान देऊन बसला.
इथे उकळायला हवं होतं,
उकड्या तांदळाच्या पेजेसारखं, बुडबुड, अखंड.
पाणी गप्प.
ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन, फरक स्पष्ट करा, गुण तीन.
किती मुलांचे कापले मी,
आणि इथे माझ्याच पायाखाली
अब्जावधी जीव श्वास कोंडून,
उत्तर न लिहिता.

तिसऱ्यात पाणी निवळलेलं,
इतकं की वाकले तर कोण वाकलंय ते दिसलं.
पुढे उभ्या नळीत पांढऱ्या वड्या, एकावर एक,
खोकल्याच्या गोळ्यांसारख्या. क्लोरीन.
चौथ्यात पंप, आणि दोरीला तरंगणारे तीन गोळे:
पाणी चढलं की हे उठतात,
संध्याकाळी क्रोटनवर, केळींवर तुषार.
"भाजयेर न्हय हां," बोस्त्यांवनं बोट नाचवलं.
मी बाणाशेजारी तेही लिहिलं.

पेटीतलं यंत्र घरघरत होतं, पण नळीतून हवा येईना.
त्यानं सांधा सोडवला.
आत माती. ओल्या बोटानं लिंपावी तशी गोल, गुळगुळीत.
कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं,
खोलीत एक बारकी अळी,
तिच्या उशाशी बेगमीला हिरवे किडे.
"काडूं?"
मला उत्तर द्यायला वेळ लागला.
अखेर ढेकूळ अख्खं निघालं,
ते त्यानं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं, सावलीत.

हवेची वाट पाहताना तो बोलला,
त्याच्या शाळेच्या दिवसांत मागच्या दारी डुक्कर असे.
झाकण नाही, दिवा नाही, गोळ्या नाहीत.
"तोच टाकी, तोच पंप. आनी नाताळाक..."
पुढचं त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

मग दुसऱ्या झाकणाखालून
आधी एक, मग सात-आठ,
मग मोजता येईनात इतके.
तांबडा दिवा विझला.
कुंपणापलीकडून एस्पेरांस, "पावलो?"
पावला, म्हटलं.

रात्री आकृती पक्की केली.
बाण सरळ, कुठेही छेद नाही.
फक्त पेरूच्या बुंध्याशी एक नळ वर येतो
आणि भिंतीखाली शिरतो.
बोस्त्यांवला खबर ना. सिप्रियान फोन उचलत नाही.
रेघ ओढली, टोकाशी जागा कोरी.

अर्धा गुण कापला.
साडेचार.